पाहा म्हणजे पाच

तिसरीचा वर्ग, सकाळचे पावणेआठ, आणि मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी. फळ्यावर आंबा काढला होता (माझ्या हातानं काढलेला, त्यामुळे तो वांग्यासारखा दिसत होता) आणि पोरांचं लक्ष बाहेर, कारण बाहेरच्या फणसावर माकडं आली होती. मी आपली सवयीनं, म्हणजे गेली पन्नास वर्षं ज्या भाषेत ओरडत आले त्याच भाषेत ओरडले, "अरे इकडे पाहा, पाहा!" आणि अख्ख्या वर्गानं एकदम हात वर करून पाच बोटं दाखवली. मला काही कळेचना. परत म्हटलं "पाहा", परत पाच बोटं. मागे बसलेल्या टीचर तोंडाला पदर लावून हसून राहिल्या होत्या.

सिंहलीत पाचाला 'पह' म्हणतात. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय. एक आणि दहा आपलेच, मधले सगळे ओळखीचे चेहरे पण नावं बदललेली. हत म्हणजे सात, अत म्हणजे हात आणि अट म्हणजे आठ, आता यात माझ्यासारखीनं काय करावं? मी हात दाखवून "हात" म्हटलं की पोरं "सेव्हन!" ओरडायची. दाताला दत, कानाला कन, गावाला गम, पुस्तकाला पोत म्हणजे आपली पोथी. वर्गाला पन्तिय म्हणतात, ती आपली पंक्ती, पंगत! आभार मानायचे तर 'स्तुतीयी' आणि प्लीजला 'करुणाकर', म्हणजे बसमध्ये "जरा सरका" म्हणायलासुद्धा कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी बस कंडक्टर पाचेक मिनिटात वीस वेळा "हरि हरि" म्हणाला, मला वाटलं काय भाविक माणूस आहे, मग कळलं हरि म्हणजे ठीक आहे, ओके.

तर मी श्रीलंकेत काय करून राहिले होते ते सांगते.

बँकेतून व्हीआरएस घेतली त्याला वर्ष झालं होतं. पहिले सहा महिने कपाटं आवरली, पुढचे सहा महिने आवरलेली कपाटं परत आवरली. पुण्याहून लेक म्हणाली आई तू बाहेरच्या देशात जाऊन व्हॉलंटियरिंग कर, शाळेत शिकवायचं, वीकेंडला फिरायचं, एकटीनं, बाबांशिवाय. (बाबांशिवाय हा शब्द तिनं जरा जोरात म्हटला.) एका संस्थेचा फॉर्म भरला, पैसेही भरले. हो, पैसे आपणच भरायचे असतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, मला वाटायचं फुकट काम करणाऱ्याला निदान राहणं-खाणं तरी देत असतील. सहा आठवड्यांच्या त्या रकमेत आमच्या इथल्या एखाद्या पोराची वर्षभराची ट्यूशन फी निघाली असती. पण भरले, कारण मनात कुठेतरी फोटो तयार झाले होते, पांढऱ्या युनिफॉर्ममधली पोरं आणि मधे मी.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना सांगितलं की दीड महिना मी नसणार, तर त्या भांडी घासताघासता म्हणाल्या, "तिकडच्या पोरायले शिकवाले चालल्या? मंग ताई, आपल्या मागच्या शाळेत काऊन नाही जात? माया नातू जाते ना तिथं. इंग्लिशचा सरच नाही दोन वर्षांपासून." मी म्हटलं, "जाईन ना मावशी, आल्यावर जाईन." नळ चालू होता, त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

२४ मेला निघाले, म्हणजे नवतपा लागायच्या आदल्या दिवशी. नागपूर सोडायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. चेन्नईवरून कोलंबो, तिथून गाडीनं कॅंडी, आणि कॅंडीपासून बसनं पाऊणएक तासावर गाव. घड्याळ बदलावं लागत नाही, श्रीलंकेची वेळ आपलीच आहे, त्यामुळे परदेशात असल्याचं निम्मं कौतुक तिथेच संपतं आणि सासूबाईंचा फोन बरोब्बर दुपारी चारलाच येतो, जेवली का, तिकडे ऊन आहे का, पोळ्या मिळतात का. पोळ्या मिळत नाहीत. सकाळी इंडिअप्प म्हणजे तांदळाच्या पिठाच्या शेवयांच्या चकत्या, त्यावर परिप्पु, जे आपलं नारळाच्या दुधातलं मसुराचं वरण, आणि पोल संबोल म्हणजे मिरची घातलेला ओल्या नारळाचा ठेचा. सावजी खाणाऱ्या बाईला तिखटाची भीती कोणी घालू नये असं मी पहिल्याच दिवशी म्हणाले आणि दुसऱ्या घासाला पाणी मागितलं. शाळेबाहेर कवठाचं सरबत मिळायचं, ते मात्र मी रोज प्यायले, आपल्याकडे महाशिवरात्र झाली की कवठाला कोण विचारतं?

शाळा टेकडीच्या कडेला. वर्गांना कमरेएवढ्या भिंती, वर सगळं उघडं, दोन वर्गांच्या मधे लाकडी पडदा, त्यामुळे मी इकडे फ्रूट्स शिकवत असले की पलीकडच्या गणिताच्या वर्गातूनही मँगो ऐकू यायचं. पोरं झक्क पांढऱ्या कपड्यांत. युनिफॉर्मचं कापड आणि पुस्तकं सरकारकडून फुकट. साडेसातला शाळा, दीडला सुट्टी. सगळ्या शिक्षिका साडी नेसलेल्या, बऱ्याच जणी ओसरिय, म्हणजे कॅंडी पद्धतीची, कमरेशी चुणीदार झालर निघालेली. मी पंजाबी ड्रेस घेऊन गेले होते, तिसऱ्या दिवशी लाज वाटली आणि कॅंडीच्या बाजारातून दोन साड्या घेतल्या.

पहिल्या दिवशी मी खूप तयारी करून गेले होते. फ्लॅशकार्ड्स, रंगीत खडू, अभिनयासकट गाणं. वर्गात जाऊन हसून म्हटलं, माय नेम इज अमुक, व्हॉट इज युवर नेम? आणि अडतीस पोरांनी उठून इतक्या सफाईनं, इतक्या एका सुरात उत्तर दिलं की मी चाटच पडले. वय सांगितलं, आवडता रंग, आवडता प्राणी, मग न सांगताच डोकं-खांदे-गुडघे करून दाखवलं. मला वाटलं अरे वा, किती हुशार. मग टीचरनं चहाच्या सुट्टीत हळूच सांगितलं की वर्षात सातआठ जण येतात, कोणी दोन आठवड्यांसाठी, कोणी सहा. प्रत्येक जण 'माय नेम इज' पासून सुरू करतो. रंग, प्राणी, फळं झाली की त्यांची जायची वेळ होते. मग पुढचा येतो, परत माय नेम इज. "दे आर व्हेरी गुड इन माय नेम," असं त्या म्हणाल्या, चेहऱ्यावर काहीही न दाखवता.

मी आंबा काढायला लागले तेव्हा पोरांनी तो आधी किती जणांकडून पाहिला असेल कोण जाणे. माकडांकडे बघत होती तेच बरोबर होतं.

भिंतीवर रंगीत हातांचे ठसे होते, पन्नासेक तरी, खाली नावं आणि देश. प्रत्येक व्हॉलंटियर जाताना उमटवून जातो. मी मुख्याध्यापकांना विचारलं की आम्ही भरतो त्या पैशातून शाळेला नेमकं काय मिळतं, तर ते हसले आणि त्या भिंतीकडे बोट दाखवलं. पेंट. लायब्ररीत एक मोठं खोकं होतं, लोकांनी पाठवलेली इंग्लिश गोष्टीची पुस्तकं, सगळ्यांत बर्फ पडतोय आणि पोरं स्लेजवर बसली आहेत. ती पुस्तकं नवी कोरी होती, कोणी उघडलीच नव्हती.

या टीचर बावीस वर्षं शिकवत होत्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही आलो की त्यांनी आपला तास आम्हाला द्यायचा आणि मागे बसायचं, मग आम्ही गेल्यावर राहिलेला पोर्शन दामटायचा, कारण पाचवीला स्कॉलरशिपची परीक्षा असते आणि तिकडे त्या परीक्षेचं तेच आहे जे आपल्याकडे दहावीचं, आई-बापांची झोप उडते, दहा वर्षांचं पोरगं शाळेतून सुटलं की ट्यूशनला. २०२२ साली देश कंगाल झाला तेव्हाच्या गोष्टी त्या सांगायच्या. पेट्रोल नाही म्हणून शाळा बंद, कागद नाही म्हणून काही भागांत परीक्षाच पुढे ढकलल्या, वहीची किंमत अशी वाढली की पोरांना जुनं पेन्सिलचं खोडून त्याच पानावर परत लिहायला लावायचे. मी विचारलं तेव्हा व्हॉलंटियर होते? "नो," म्हणाल्या, "दॅट टाइम नोबडी केम." त्यात कुचका सूर अजिबात नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, तुम्ही शिकवा, मी मागे बसते. त्यांना आधी वाटलं मला बरं नाही. मग म्हटलं वह्या द्या तपासायला, मी बँकेत एकतीस वर्षं व्हाउचर तपासलेत, मला तेवढंच नीट येतं. त्या दिवशी त्यांनी वह्यांचे दोन गठ्ठे समोर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी चार. आणि मग एक दिवस चार पोरं दिली. ज्यांना अजून एबीसीडी ओळखता येत नव्हती पण माय नेम इज खणखणीत यायचं. फणसाखाली बसायचो. एका अक्षराला दोन दोन दिवस. बी आणि डी यांच्यातला फरक शिकवताना माझाच गोंधळ व्हायला लागला. गाणं नाही, अभिनय नाही, फोटो काढण्यासारखं काहीच नाही. सहा आठवड्यांत दोघांना अक्षरं जोडून कॅट, पॉट वाचता यायला लागलं. एकाला नाही आलं. चौथी पोरगी सगळे मिळून नऊ दिवस आली, तिची आई चहाच्या मळ्यात जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. हा सगळा हिशोब आहे, यात मी काही वाढवत नाहीये.

आता वीकेंड. शुक्रवारी दीड वाजले की मी शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त खुश असायची हे कबूल करून टाकते.

पहिल्या शनिवारी कॅंडी. तळ्याभोवती चालले, १८०७ साली शेवटच्या राजानं बांधलेलं तळं, आणि पुढे आठच वर्षांत, १८१५ ला, कॅंडी इंग्रजांकडे गेलं. नागपूरकर भोसले इंग्रजांशी हरले ती आपली सीताबर्डीची लढाई १८१७ ची. नागपूरच्या फुटाळा तलावावर भुट्टा खाताना मला कधी इतिहास आठवत नाही, इथे बाकावर बसून मात्र दोन्हीकडच्या सनावळ्या जोडत बसले. काठावरच दळदा मालिगाव, बुद्धाच्या दाताचं मंदिर. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब कॅंडीला आले होते. मी राहते बजाज नगरला, दीक्षाभूमी पायी दहा मिनिटं, आणि ही गोष्ट मला कॅंडीच्या गेस्ट हाऊसवर चहा पिताना फोनवर वाचून कळली.

पेराडेनियाची बाग बघितली, छान आहे, मोठी आहे, पाय दुखले. एल्लाला रेल्वेनं गेले, रिझर्व्हेशन नव्हतं, सहाएक तास उभी, पण बाहेर सगळं हिरवं आणि धुकं, तक्रार करायला तोंड उघडलं की परत एखादा धबधबा यायचा. १९२१ चा तो नऊ कमानींचा पूल सगळ्यांनी रीलमध्ये पाहिलेला असतो. प्रत्यक्षात रुळांवर इतके लोक पोज देऊन उभे होते की गाडीला शिट्ट्या मारत यावं लागलं. पुढे.

सिगिरियाला मात्र मी दोनदा गेले. तिकीट परदेशी लोकांना डॉलरमध्ये आणि भरपूर, पण सार्क देशांच्या पासपोर्टला सवलत, तेव्हा खिडकीवर मी पासपोर्ट अशा अभिमानानं काढला की जसा काही मीच सार्क स्थापन केलाय. जंगलातून एकदम वर आलेला उभा कातळ, दोनशे मीटरच्या आसपास, बाराशे पायऱ्या. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजानं बापाला मारून गादी घेतली आणि भावाच्या भीतीनं या कातळाच्या डोक्यावर महाल बांधला. जागोजागी पाट्या, आवाज करू नका, गांधीलमाश्या आहेत. आग्यामोहळ काय असतं हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही, मी तोंडावर ओढणी घेऊन एखाद्या चोरासारखी चढले.

वाटेत ती आरसा-भिंत आहे. चुन्याचा गिलावा इतका घोटलेला की म्हणे राजाला त्यात तोंड दिसायचं. राजा गेल्यावर पुढची कित्येक शतकं लोक हा कातळ बघायला येत राहिले आणि त्या भिंतीवर कविता कोरून गेले, वरच्या चित्रांतल्या बायकांना उद्देशून बहुतेक. सेनरत परणवितान या तिकडच्या पुरातत्त्वज्ञांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ साली छापल्या. म्हणजे हजारबाराशे वर्षांपूर्वीही माणसं सुट्टी काढून यायची, दमायची, बघायची आणि भिंतीवर लिहून जायची. मला शाळेतली रंगीत हातांची भिंत आठवली. सिगिरियाच्या भिंतीवर आता कोणी लिहायला लागलं तर थेट जेल, आणि ते योग्यच आहे.

सोमवारी टीचरना फोटो दाखवले. त्या म्हणाल्या त्या एकदाच गेल्यात, पाचवीत, शाळेच्या ट्रिपला. परत जायचं म्हटलं तर त्यांना तिकीट किरकोळ पडतं, पण शनिवार-रविवार एक्स्ट्रा क्लास आणि सासूबाई. मी आठवडाभर ज्या गोष्टीबद्दल अपराधी वाटून घेत होते तिचा मला तिथे नीट पत्ता लागला. फिरण्यात काही चूक नाहीये हो, माणसानं फिरावंच. पण मी घरी फोनवर "सेवा करायला आलेय, वीकेंडला थोडं फिरते" असं सांगत होते आणि माझ्या फोनमध्ये अकराशे फोटो होते, त्यातले शाळेचे साठ. मी फिरायला आले होते आणि मधल्या दिवसांत शाळेत जात होते. असं म्हटल्यावर दोन्ही गोष्टी जास्त बऱ्या जमायला लागल्या.

जूनच्या पौर्णिमेला पोसोन. तिकडे दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी, त्या दिवशी दारू नाही, मटण नाही. अशोकाचा मुलगा महिंद याच पौर्णिमेला बौद्ध धर्म घेऊन मिहिंतलेला आला आणि त्याच्यामागून मुलगी संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली असं सांगतात. ती अनुराधपुरला लावली, ते झाड आजही आहे. सगळी श्रीलंका पांढरे कपडे घालून तिकडे निघते. टीचर म्हणाल्या आमच्याबरोबर चला. पहाटे तीनची बस. टीचरच्या सासूबाई त्या दिवशी 'अट सिल' पाळणार होत्या, आठ शिलं, दुपारनंतर जेवण नाही. मी म्हटलं चतुर्थी असते माझी, मला सवय आहे.

अनुराधपुर म्हणजे पार सपाट, कोरडं, वारा गरम. रुवनवेलिसायच्या पांढऱ्याशुभ्र स्तूपाभोवती अनवाणी फिरायचं. मी म्हटलं मी नागपूरची आहे, पंचेचाळीसमध्ये राहते, आणि फरशीवर पाय ठेवला, आणि जी नाचत सुटले की मागच्या बायका बाजूला झाल्या. येताना-जाताना रस्त्यावर पोरं झेंडे घेऊन बस अडवत होती, उतरा, खाऊन जा. दन्सल म्हणतात. कुठे भात-भाजी, कुठे आइस्क्रीम, कुठे बेलिमल, म्हणजे वाळलेल्या बेलफुलांचा काढा, सोबत गुळाचा खडा. कोणी कोणाला विचारत नाही तू कोण. पत्रावळीसारख्या पानावर भात घेऊन मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि एकदम ओळखीचं वाटलं. हे आपल्याकडे होतं की. अगदी हेच, ऑक्टोबरमध्ये, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, रहाटे कॉलनीच्या चौकापासून दीक्षाभूमीपर्यंत. पांढरे कपडे, लाखो माणसं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुकट जेवण. तीस वर्षं आम्ही त्या दोन-तीन दिवसांत 'गर्दी असते हो' म्हणून गाडी बाहेर काढत नव्हतो, कधी तर चक्क सुट्टी बघून पेंचला जायचो.

बोधिवृक्षापाशी एका म्हाताऱ्या भंतेंनी विचारलं कुठून आलात. इंडिया. इंडियात कुठे? नागपूर. ते उभेच राहिले. "नागपूर! आंबेडकर!" मग इंग्लिशमध्ये विचारलं, आमच्या या झाडाचं रोप तुमच्याकडे आहे ना? आहे, दीक्षाभूमीवर आहे, भदंत आनंद कौसल्यायन यांनी इकडून नेलेलं. "मोठं झालं का?" मला सांगता येईना. दीक्षाभूमीत मी चारपाच वेळा गेले असेन, पाहुण्यांना दाखवायला, स्तूपात एक चक्कर, फोटो, परत. झाडाखाली कधी बसले नाही. मी म्हटलं, हो, मोठं आहे. अंदाजानं. ते खुश झाले, टीचरही झाल्या, मी मात्र परतीच्या बसमध्ये झोपेचं सोंग घेतलं.

शेवटच्या दिवशी पोरांनी विड्याच्या पानांची जुडी हातात दिली आणि एकेक जण गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करत गेला. आपल्याकडे वाकतात, हे त्याहून खाली. मला ते बघवेना, मी प्रत्येकाला उठवायला जात होते आणि टीचर म्हणत होत्या करू द्या, ही पद्धत आहे. मग कोणीतरी रंगाचा डबा आणला. मी म्हटलं माझा हात नको. पोरांचे चेहरे इतके पडले की निमूटपणे हात बुडवला. निळा. खाली नाव लिहायला दिलं तेव्हा मी फक्त नागपूर लिहिलं, आणि बाजूला ५.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरी आले तेव्हा पाऊस लागला होता आणि शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. मावशींनी काही विचारलं नाही. म्हणून मग मीच त्यांना घेऊन मागच्या शाळेत गेले. मुख्याध्यापक पाच मिनिटांनी भेटले, टेबलावर तीन रजिस्टर उघडी, वर पंखा कुरकुरत होता. मी सगळं सांगितलं, पैसे नको, शिकवणार पण नाही, वह्या तपासीन, मागे राहिलेल्या चार पोरांना घेऊन बसेन. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "किती दिवसांसाठी, मॅडम?"

मी म्हटलं दर मंगळवार आणि शुक्रवार.

"नाही, म्हणजे कधीपर्यंत?"

याचं उत्तर मी ठरवून आले नव्हते. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, फोटो काढायचे असतील तर आधी सांगत जा, मागे एक ग्रुप आला होता, पोरांच्या पुढे एवढं मोठं बॅनर धरलं की पेपरात पोरांचे नुसते पाय आले.

सहा पोरं मिळाली, आणि व्हरांड्यातला एक कोपरा, जिथे पावसाचे शिंतोडे येतात. मावशींचा नातू त्यात होताच, माझ्याकडे ओळख न दाखवता बसलेला. वह्या उघडल्या. बाहेर कुत्र्यांची भांडणं लागली, सगळ्यांच्या माना तिकडे. मी म्हटलं, "अरे इकडे पाहा."

सहाच्या सहा जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगीच त्यांच्या हातांकडे बघत राहिले.